वैमानिकाची झोप आणि नियमांचे घड्याळ

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. निकालाची तारीख जवळ आलेली असते आणि गठ्ठा काही संपत नाही. रात्री साडेबारा-एक वाजता तपासलेली एखादी उत्तरपत्रिका सकाळी पुन्हा हातात घेतली, की गुणांची बेरीज चुकलेली आढळते. विशेष म्हणजे ती बेरीज करताना आपली चूक होत आहे अशी शंकाही मनात आलेली नसते. दमलेल्या मेंदूची ही मोठीच अडचण आहे. आपण किती दमलो आहोत हे ठरवायचे काम ज्याच्याकडे, तोच दमलेला असतो.

उत्तरपत्रिकेतील बेरीज सकाळी दुरुस्त करता येते. पण शे-दीडशे माणसे घेऊन पहाटे धावपट्टीकडे उतरणाऱ्या वैमानिकाला अशी दुसरी संधी नसते. म्हणून वैमानिकांनी किती तास काम करावे आणि किती विश्रांती घ्यावी याचे नियम जगभर केले गेले. या नियमांना सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. नियम करणाऱ्यांनी आरंभी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. माणसाच्या शरीरातही एक घड्याळ असते आणि ते भिंतीवरच्या घड्याळाचे ऐकत नाही, हे नियमांत उतरायला बराच काळ लागला. दरम्यान अनेक माणसे दगावली.

तासांचा हिशेब

२० मे १९२७ रोजी सकाळी चार्ल्स लिंडबर्ग हा तरुण वैमानिक न्यूयॉर्कहून एकटाच निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. आदल्या रात्रीही त्याला झोप मिळाली नव्हती. अटलांटिक महासागरावर आपले डोळे मिटत होते आणि विमानात आपल्यामागे छायाकृती वावरताना दिसत होत्या, असे त्याने पुढे लिहून ठेवले. जगाने त्याच्या धैर्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र जागरण सोसण्याची ताकद हा वैमानिकाचा गुण आहे, अशी एक समजूतही त्याबरोबर दृढ झाली.

थोड्याच वर्षांत विमानवाहतूक हा व्यवसाय झाला. अमेरिकेत टपाल आणि प्रवासी वाहणाऱ्या कंपन्यांत तीव्र स्पर्धा होती आणि तिचा भार वैमानिकांवर पडत होता. १९३१ मध्ये डेव्हिड बेंके यांच्या पुढाकाराने तेथील वैमानिकांची संघटना स्थापन झाली. वेतनाचा वाद सरकारपुढे गेला. १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने दिलेल्या ८३ क्रमांकाच्या निर्णयात वैमानिकाने महिन्याला ८५ तासांहून अधिक उड्डाण करू नये, अशी मर्यादा घातली गेली. १९३८ च्या विमानवाहतूक कायद्यातही या निर्णयाला स्थान मिळाले. २४ तासांत ८ तासांपेक्षा अधिक उड्डाण नको, हा नियमही अमेरिकेत रूढ झाला.

या नियमांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांचा जन्म कामगार आणि मालक यांच्या तडजोडीतून झाला होता, शरीरशास्त्राच्या अभ्यासातून नव्हे. गिरणीतील पाळीचे आठ तास मोजावेत तसे हे तास मोजले गेले. दुपारचे आठ तास आणि मध्यरात्रीनंतरचे आठ तास नियमाच्या दृष्टीने सारखेच होते.

शिवाय विमाने बदलत होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने डीसी-७ या विमानाने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अशी विनाथांबा सेवा सुरू केली. पश्चिमेकडे जाताना समोरून जोराचा वारा असतो. त्यामुळे वेळापत्रकात आठ तासांच्या आत बसवलेला हा प्रवास प्रत्यक्षात पुष्कळदा आठ तास ओलांडू लागला. सरकारने या मार्गापुरती नियमाला सूट दिली आणि १९५४ मध्ये कंपनीच्या वैमानिकांनी संप केला. आठ तासांऐवजी साडेआठ झाले तर बिघडले कुठे, असे एका बाजूचे म्हणणे. आज साडेआठ झाले तर उद्या दहा होतील, ही दुसऱ्या बाजूची भीती. साडेआठ तासांनी माणसाच्या मेंदूचे नेमके काय होते, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर दोघांकडेही नव्हते.

गुहेतील बत्तीस दिवस

उत्तराचा आरंभ मात्र झालेला होता, तोही विमानापासून दूर, जमिनीच्या पोटात. १९३८ च्या उन्हाळ्यात शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नव्हता आणि तापमान जवळजवळ स्थिर होते. दोघांनी २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस पाळायचे ठरवले. जेवण, काम आणि झोप या नव्या दिवसाप्रमाणे होत असे आणि शरीराचे तापमान नियमित नोंदले जाई.

रिचर्डसन यांचे शरीर नव्या वेळापत्रकाशी बरेचसे जुळले. क्लाइटमन यांचे शरीर मात्र शेवटपर्यंत २४ तासांच्याच तालावर चालत राहिले. शरीराने 'ही रात्र आहे' असे ठरवले, की ठरलेल्या कामाच्या वेळीही त्यांचे डोळे जड होत. बाहेर सूर्य नसतानाही आत दिवस आणि रात्र चालूच होती.

या आतल्या घड्याळाविषयी आज पुष्कळ माहिती आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या वरच्या बाजूला पेशींचे दोन लहान पुंजके असतात. ते शरीरातील असंख्य घड्याळांना ताल देतात. पेशींतील घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते हे फळमाशीच्या अभ्यासातून उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे आपण जितके अधिक काळ जागे राहतो, तितका झोपेचा दाब वाढत जातो. दुसरी म्हणजे या दाबाखेरीज दैनंदिन लयीचा स्वतंत्र परिणाम असतो. रात्री सुमारे दोन ते पहाटे सहा या वेळात शरीराचे तापमान आणि मेंदूची तरतरी दोन्ही तळाला जातात. बराच काळ जागरण आणि ही वेळ एकत्र आली, तर अनुभवी माणसाचीही कसोटी लागते.

सिंगापूर ते लंडन

१३ मार्च १९५४ रोजी सिडनीहून लंडनला निघालेले ब्रिटिश कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सिंगापूरच्या कालांग विमानतळावर उतरत होते. धावपट्टीच्या अलीकडील समुद्राच्या भिंतीला त्याची चाके धडकली. विमान मोडले आणि पेटले. सर्व ३१ प्रवासी आणि २ कर्मचारी असे ३३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत असे दिसून आले, की सिडनी सोडल्यापासून कप्तान साडेएकवीस तास कामावर होता. मध्ये डार्विन आणि जाकार्ता येथे विमान थांबले होते, पण कप्तान तोच होता.

येथे 'उड्डाणकाल' आणि 'कर्तव्यकाल' यांतील फरक समजून घ्यायला हवा. विमान हलू लागल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ हा उड्डाणकाल. कामावर हजर झाल्यापासून सुटी होईपर्यंतचा सगळा वेळ हा कर्तव्यकाल. विमानतळावर इंधन भरून होण्याची वाट पाहणारा वैमानिक उड्डाण करीत नसतो, पण झोपलेलाही नसतो. केवळ उड्डाणाचे तास मोजणाऱ्या वहीत हा वेळ दिसतच नाही.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा सविस्तर विचार करणारी एक समिती डग्लस बाडर यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. दोन्ही पाय कृत्रिम असूनही दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवणारे बाडर ते हेच. माणसाने सोसावे तरी किती, याचा निवाडा करायला असा माणूस बसावा हे उल्लेखनीय आहे. समितीचा अहवाल १९७३ मध्ये आला आणि त्याच्या आधारे १९७५ मध्ये ब्रिटनची नवी नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्यात कर्तव्यकालाची मर्यादा सर्वांना सरसकट एकच नव्हती. काम सकाळी सुरू झाले की रात्री, आणि वाटेत किती वेळा उतरायचे, यावर ती अवलंबून होती. नियमांच्या घड्याळाने शरीराच्या घड्याळाची अशी दखल घेतली.

ढिगाऱ्यात न सापडणारे कारण

तरीही थकवा हे अपघाताचे कारण म्हणून कागदावर येत नसे, आणि त्यालाही कारण होते. तुटलेला स्क्रू ढिगाऱ्यात सापडतो. मद्य रक्ताच्या तपासणीत सापडते. थकव्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. ज्याला तो जाणवला असेल तो वैमानिक बहुधा जिवंत नसतो. मग अहवालात 'वैमानिकाची चूक' एवढेच लिहिले जाते. चूक का झाली, हा प्रश्न तेथेच थांबतो.

१८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी नाविक तळावर एक डीसी-८ मालवाहू विमान उतरताना कोसळले. त्यातील तिघेही कर्मचारी गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्यामुळे गेल्या काही दिवसांत आपण केव्हा झोपलो आणि केव्हा उठलो, हे ते स्वतः सांगू शकले. रात्रभर उड्डाणे करून सकाळी अटलांटाला त्यांचे काम संपले होते. तेवढ्यात त्यांना आणखी एका फेरीवर पाठवण्यात आले. अपघाताच्या वेळी ते १८ तास कामावर होते. कप्तान सुमारे साडेतेवीस तास, सहवैमानिक १९ तास आणि फ्लाइट इंजिनिअर २१ तास जागे होते.

या तळाच्या धावपट्टीचे पश्चिम टोक क्यूबाच्या हद्दीपासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर आहे. त्या बाजूने उतरताना फार थोड्या जागेत वळावे लागते. हद्द दाखवणारा एक लुकलुकणारा दिवा कुंपणापाशी असे. त्या दिवशी तो बंद होता आणि हे विमानातील कोणालाच ठाऊक नव्हते. कप्तान वळता वळता तो दिवाच शोधत राहिला. वेग कमी होत आहे असे सहकारी सांगत होते, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. विमान एका अंगावर कलले आणि धावपट्टीच्या अलीकडे पडले. त्या वेळी आपण सुस्त आणि उदासीन झालो होतो, असे कप्तानाने नंतर चौकशीत सांगितले.

एकाच गोष्टीवर खिळून राहणे आणि बाकीचे कानांवर पडूनही मनात न शिरणे, हे झोप अपुरी झालेल्या मेंदूचे ओळखीचे लक्षण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताच्या संभाव्य कारणात थकव्याचा स्पष्ट उल्लेख केला. एखाद्या मोठ्या विमान अपघातात मंडळाने असे करण्याची ही पहिली वेळ मानली जाते. पुढे १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी थकव्याला एक मापही दिले. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले. मद्य घेतलेल्या वैमानिकाला आपण विमानात चढूही देणार नाही. सतरा तास जागा असलेला माणूस मात्र आपल्याला कामसू वाटतो.

डुलकीचे गणित

१९८९ मध्ये नासाच्या संशोधकांनी पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या बोइंग ७४७ विमानांत प्रत्यक्ष प्रवासात एक प्रयोग केला. काही वैमानिकांना त्यांच्याच आसनावर, सहकारी जागे असताना, पाळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली गेली. उरलेल्यांना ती नव्हती. विश्रांती मिळालेल्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली. दोन्ही गटांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदल्या जात होत्या. विश्रांती न मिळालेल्या वैमानिकांच्या नोंदींत उतरण्यापूर्वीच्या काळातही काही सेकंदांच्या, स्वतःलाही न कळणाऱ्या झोपा आढळल्या. विश्रांती घेतलेल्यांत त्या फारच कमी होत्या. त्यानंतर अनेक देशांनी अशा नियोजित डुलकीला नियमांत जागा दिली. अमेरिकेने मात्र दिली नाही.

या डुलकीला एक अट आहे. ती थोडी हवी आणि खाली उतरण्याच्या पुष्कळ आधी संपायला हवी. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ डोके जड असते, सूचना उशिरा उमगतात. या अवस्थेला निद्राजडता म्हणता येईल. तिचा अनुभव आपल्या देशाला फार दुःखद रीतीने आला.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले, ८ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सुमारे दोन तासांचे होते आणि त्यातील पहिली एक तास चाळीस मिनिटे कप्तान झोपलेला होता. त्याच्या घोरण्याचा आवाज त्यात होता. विमान प्रमाणापेक्षा उंचावरून येत होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचवले, यंत्रणाही इशारे देत होती. तरीही कप्तानाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सुमारे २४५० मीटर लांबीच्या धावपट्टीवर दीड किलोमीटरहून अधिक पुढे गेल्यावर चाके टेकली. कप्तानाची प्रदीर्घ झोप आणि तिच्यामुळे आलेली निद्राजडता यांचा उल्लेख अहवालाने कारणांना हातभार लावणारी बाब म्हणून केला. ती वेळही दैनंदिन लयीच्या तळाचीच होती.

विश्रांतीची किंमत

नियम बदलायला बहुधा अपघाताची वाट पाहिली जाते. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ एक छोटे प्रवासी विमान कोसळून ५० जण दगावले. सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरून प्रवास करून कामावर आली होती. कप्तानाने रात्र विमानतळावरच काढली होती. थकव्यामुळे त्यांची क्षमता घटली असावी, पण नेमकी किती ते ठरवता येत नाही, असे सुरक्षा मंडळाने म्हटले. मंडळाच्या अध्यक्षांचे मत मात्र थकव्याला कारणांत स्थान द्यावे असे होते. मृतांच्या नातेवाइकांनी प्रश्न लावून धरला. जानेवारी २०१४ पासून तेथे नवे नियम आले. काम सुरू होण्याची वेळ आणि उड्डाणांची संख्या पाहून ९ ते १४ तासांचा कर्तव्यकाल ठरू लागला. कामापूर्वी १० तासांची विश्रांती आणि त्यात ८ तास झोपेची सलग संधी बंधनकारक झाली.

मालवाहू विमाने या नियमांतून वगळण्यात आली, कारण कंपन्यांवर पडणारा खर्च फार होईल असे मानले गेले. पार्सलचे विमान चालवणाऱ्याच्या मेंदूतील घड्याळ वेगळे असते असे कोणत्याही शास्त्रज्ञाने म्हटलेले नाही. नियम जाहीर झाले होते पण लागू व्हायचे होते, तेव्हा १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे अलाबामातील बर्मिंगहॅम येथे एक मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक दगावले. चौकशीत थकव्याचा उल्लेख आला.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाच अशी होती, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या वेळी सहापर्यंत चालणारी अवतरणे दोनवर आणली. कंपन्यांचा विरोध, पुढे ढकललेल्या तारखा आणि दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावण्या यांनंतर हे नियम जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची, म्हणजे इंडिगोची, वैमानिकांची गणना कमी पडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्यासह सगळीकडे प्रवासी अडकले. अखेर कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली.

अडकलेल्या प्रवाशाचा संताप समजण्यासारखा आहे. रद्द झालेले विमान सर्वांना दिसते. विश्रांती घेतलेल्या वैमानिकामुळे न झालेला अपघात कोणालाच दिसत नाही. म्हणून या वादात झोपेची बाजू नेहमी दुबळी पडते. ती मांडण्यासाठी विज्ञानाखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय वर्गात नेण्यासाठी एक पट्टी पुरेशी आहे. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने तिच्या शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवावीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने पकडावी. मुक्त पतनाच्या सूत्रावरून २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.२ सेकंद. सकाळच्या तासाला आणि दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला दहा-दहा नोंदी घेऊन तुलना करावी. त्याचबरोबर मुलांनी आठवडाभर झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहाव्यात. यासाठी कोणालाही जागरण करायला मात्र लावू नये.

मग एक उदाहरण घालावे. उतरणाऱ्या विमानाचा वेग ताशी २५० किलोमीटर असेल आणि वैमानिकाला तीन सेकंदांची नकळत झोप लागली, तर तेवढ्यात विमान किती पुढे जाईल? उत्तर सुमारे दोनशे मीटर येते. बहुतेक शाळांचे मैदान त्याहून लहान असते. मुलांना ते अंतर मैदानावर पावलांनी मोजून दाखवावे.